बर्कशायरचा उतार

इतका वेळ पाठीवर असलेला वारा अचानक आडवा झाला आणि स्टेशन वॅगन हातभर डावीकडे सरकली. सुनेत्राने स्टिअरिंग आवळलं नाही; उलट बोटं थोडी सैल सोडली. गाडी आपसूक रांगेत आली.

"काकू, रस्ता कुठाय?" शेजारी बसलेल्या कांचनने विचारलं.

"पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसतात ना? त्याच्या मागे रस्ता."

"आणि तो ट्रक खड्ड्यात गेला तर?"

"तर खड्डा कुठे आहे ते कळेल."

कांचनला हसू आलं आणि तिने गाल धरला. जबडा अजून धड उघडत नव्हता. डावा कान सुजून लालभडक झाला होता, आणि त्यावर तिने लोकरीची टोपी ओढून घेतली होती. सुनेत्राला दिसू नये म्हणून नव्हे, तिने तर तो पाहिलाच होता, नुसती सवय म्हणून.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी. सकाळी श्रूजबरीच्या घरून निघाल्या तेव्हा नुसती भुरभुर होती. आता दुपार होती आणि दुपारीच आभाळ खाली उतरून काचेला चिकटलं होतं. वायपर एका बाजूला जायचे आणि परत येताना बर्फ घेऊन यायचे. हायवेवर वेगाची मर्यादा उतरवली होती, कडेला गाड्या वेड्यावाकड्या तोंडाने रुतून बसल्या होत्या, आणि त्यांतून उतरलेली माणसं वाऱ्याकडे पाठ करून उभी होती.

"पण ही चारही चाकांची गाडी आहे ना? म्हणजे ही घसरत नाही."

"चाकं चारच असतात गं सगळ्यांना. हिची चारही ओढतात, एवढंच. चढावर उपयोग. थांबायचं म्हटलं की ही पण बाकीच्यांसारखीच."

सुनेत्रा वूस्टरच्या एका प्रयोगशाळेत धातूंचे तुकडे तोडायचं काम करायची. किती ताणला की तुटतो, कुठून तुटतो, गारठ्यात कसा तुटतो. त्यामुळे एखादी गोष्ट अर्धवट खरी असली की तिला ती पुरी करून सांगावीच लागे. नवरा हेमचंद्र म्हणायचा, तुझ्याशी बोलणं म्हणजे परीक्षेला बसणं.

कांचन तिच्या मागच्या घरातली. नागपूरहून लग्न करून आली, डॉक्टर विक्रम बोधनकरची बायको म्हणून. विक्रम देखणा, गोड गळ्याचा, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. पहिल्यांदा कांचनच्या मनगटावर निळे वळ दिसले तेव्हा हेमचंद्रने, मंडळातला वडीलधारा म्हणून, विक्रमला घरी चहाला बोलावलं आणि समजावलं. विक्रम रडला. काका, पुन्हा नाही होणार, म्हणाला. हेमचंद्र त्या रात्री समाधानाने झोपला. पुढच्या महिन्यात कांचनची बरगडी मोडली. मंडळात कुणी पोलिसांचं नाव काढलं नाही. आपल्या माणसाचं आपणच बघायचं, असंच सगळे धरून चालले होते.

काल रात्री विक्रमने तिचा पासपोर्ट गॅसच्या शेगडीवर धरला आणि ती विझवायला धावली तेव्हा तिचं डोकं फ्रिजच्या दारात घालून दार लोटलं. पहाटे तो स्प्रिंगफील्डच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर गेला. वादळात डॉक्टरांना सोडत नाहीत, तिथेच झोपवतात. कांचन मागच्या अंगणातून, बर्फातून, चपला घालून आली आणि स्वयंपाकघराच्या दारावर एकदाच टकटक केली.

सुनेत्राने हेमचंद्रला एवढंच सांगितलं, की ऑल्बनीला वसुधाकडे जाते आहे, तिला बरं नाही. वसुधा तिची कॉलेजातली मैत्रीण. तिच्या ओळखीची एक वकीलबाई होती आणि मारलेल्या बायकांना ठेवून घेणारं एक घर होतं. ते राज्याच्या हद्दीपलीकडे, विक्रमला कुणी ओळखत नाही अशा गावात. तिथवर आज पोचायचं. उद्या विक्रम घरी आला असता.

"वादळात कुठे जातेस?" हेमचंद्र म्हणाला होता. मग नेहमीप्रमाणे, "बरं, फोन कर. वाटेत थांबलीस तरी कर."

---

हायवेवरच्या लडलोच्या विसाव्याला त्या थांबल्या. वायपरला धरलेला बर्फ काढणं भाग होतं. आत माणसांची ही गर्दी. ओल्या कोटांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. कांचन टेबलाशी कपभर चहा दोन्ही हातांनी धरून बसली आणि सुनेत्रा फोनच्या रांगेत उभी राहिली.

तेव्हा आपल्या लोकांची एक युक्ती होती. ऑपरेटरला सांगायचं, अमक्या नंबरवर तमक्या माणसासाठी कलेक्ट कॉल लावा, म्हणजे पैसे घेणाऱ्याने भरायचे. घरचा माणूस म्हणायचा, तो इथे नाही, आणि फोन ठेवायचा. निरोप पोचला, आणि फुकट. सुनेत्राच्या घरी दोन नावं ठरलेली: सुखरूप पोचलो तर श्रीराम, वाटेत थांबलो तर अनिल. त्या घरात श्रीराम नव्हता आणि अनिलही नव्हता. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हेमचंद्र ही युक्ती हौसेने शिकवायचा. विक्रमलाही त्यानेच शिकवली होती.

इतक्या वर्षांची सवय. सुनेत्राने विचारसुद्धा केला नाही.

"लडलो, मॅसेच्युसेट्सहून मिस्टर अनिल यांच्यासाठी कलेक्ट कॉल," ऑपरेटर म्हणाली.

पलीकडे हेमचंद्र होता. तो नेहमीचं वाक्य बोललाच नाही. घाईघाईने मराठीत म्हणाला, "सुनेत्रा, कांचन आहे का गं तुझ्याबरोबर? विक्रमचा फोन आला होता हॉस्पिटलमधून. ती घरी फोन उचलत नाहीये. बिचारा पार घाबरलाय..."

"सर, कॉल घेताय का?" ऑपरेटरने मध्येच विचारलं.

"घे!" सुनेत्रा ओरडली. "हेम, हो म्हण! त्याला सांगू नकोस..."

"मॅडम, कॉल घेईपर्यंत आपल्याला बोलता येणार नाही. सर?"

आणि हेमचंद्रच्या तोंडून, विचार न करता, नुसत्या सवयीने आलं, "नो, नो. अनिल इज नॉट हिअर."

खट्.

सुनेत्राने पर्स उपडी करून नाणी काढली आणि घरचा नंबर सरळ फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. मागचा माणूस पुटपुटायला लागला. तिने तिसऱ्यांदा फिरवला, आणि मग रिसीव्हर जागेवर ठेवला, कारण हेमचंद्र या क्षणी कुणाशी बोलत असणार हे समजायला तिला आणखी पुरावा नको होता. तो मायेनेच बोलत असणार. घाबरू नकोस रे, लडलोला आहेत, सुखरूप आहेत.

स्प्रिंगफील्ड तिथून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांच्या वाटेवरच.

"चल," ती कांचनला म्हणाली.

कांचनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "काका बोलले."

"माझ्यामुळे. मी फोन केला."

कांचनने टोपी कानावर ओढून घेतली आणि उठली.

---

स्प्रिंगफील्डचे फाटे एकेक करून मागे पडले. रांगेतले ट्रक तिथे बाहेर पडले. सुनेत्राला वाटू लागलं होतं, की विक्रमला हॉस्पिटलातून सुटणं इतकं सोपं नसेल, आणि तेवढ्यात कडेला, दिवे विझवून उभी असलेली एक लांबलचक काळी गाडी तिच्या उजव्या हाताला मागे पडली. टपावर जेमतेम बोटभर बर्फ. म्हणजे आत्ताच आलेली.

आरशात तिचे दिवे लागले.

"तेच आहेत," कांचन म्हणाली. तिने मागे वळून पाहिलंही नव्हतं.

"बेल्ट बघ."

पहिला धक्का तसा हळू होता, दार ठोठावल्यासारखा. दुसऱ्याला सुनेत्राची मान मागे आपटली आणि डिकीतलं फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, सगळं उसळून सीटवर आदळलं. काळी गाडी मागे पडली, वेग घेतला, पुन्हा आली. या खेपेला मागची काच फुटली. वादळ घरात शिरावं तसं आत शिरलं. कान, डोळे, तोंड बर्फाने भरलं. कांचन ओरडत नव्हती. ती डॅशबोर्डवर दोन्ही हात रोवून, दात आवळून, "येऊ दे, येऊ दे" असं काहीतरी म्हणत होती.

"हे डिकीत वाळूची पोती टाकतात," ती मध्येच म्हणाली. "म्हणून मागची चाकं धरतात त्यांची. मीच उचलून ठेवली होती."

"धरू देत. चढ येतोय."

वेस्टफील्डनंतर बर्कशायरचे डोंगर सुरू होतात. रस्ता वर तोंड करतो आणि लांबच लांब तसाच चढत राहतो. सुनेत्राने गिअर उतरवला, पाय एका जागी ठेवला. चारही चाकांनी बर्फ धरला. पुढची ओढत होती, मागची रेटत होती, आणि वॅगन म्हशीच्या चालीने, ना जलद ना हळू, वर निघाली. कडेला मोटारी आडव्या झाल्या होत्या. एकीजवळ एक बाप आपल्या पोराला कोटात गुंडाळून वर बघत होता. आरशात काळ्या गाडीचे दिवे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, जागच्या जागी नाचले. मग लहान झाले आणि पांढऱ्यात विरले.

"राहिले," कांचन म्हणाली. आणि मग बोलायलाच लागली, थंडीने दात वाजत असताना, फुटलेल्या काचेतून येणाऱ्या वाऱ्याच्या वरताण ओरडून. "काकू, माहितीये, मी पोळ्या करताना मोजायचे. लाटण्याचा आवाज थांबला की हे यायचे, झालं का म्हणून. म्हणून मी लाटणं थांबवायचेच नाही. एकच पोळी लाटत बसायचे. पार कागद व्हायची तिचा."

 सुनेत्राने हीटर पूर्ण वर केला.

माथा आला तो कळलाच नाही. फक्त इंजिनचा सूर बदलला. पुढे ली गावापर्यंत उतारच उतार. इथे चारही चाकं ओढून काही उपयोग नव्हता. तिने सगळ्यात खालचा गिअर टाकला, ब्रेकवरून पाय काढून घेतला आणि गाडी इंजिनाच्या दमावर सोडली. हळू. अजून हळू.

मागून बर्फ काढणारं यंत्र चढ साफ करत येत असणार, आणि त्याच्या पाठोपाठ वर येऊन विक्रम माथ्यावर त्याच्या पुढे निघाला असणार. हे तिला दिवे दिसल्यावर कळलं. ते भलत्याच वेगाने मोठे होत होते. आणि थरथरत होते. तो ब्रेक मारत होता. चाकं जाम झाली होती आणि ती काळी गाडी, वाळूच्या पोत्यांसकट, सुटलेल्या दगडासारखी खाली येत होती. त्याला आता मारायचं होतं की थांबायचं होतं, हे त्याच्या हातात राहिलंच नव्हतं.

"काकू, ब्रेक लावा!"

सुनेत्राने ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी ओढ घेतली, तेवढ्या ओढीच्या आधाराने तिने गाडी डावीकडे काढली. सगळी नाही निघाली. काळ्या गाडीचं नाक मागच्या कोपऱ्याला लागलं, पत्रा फाटल्याचा आवाज झाला, जग एकदा पूर्ण गोल फिरलं, आणि वॅगन मधल्या पट्ट्यातल्या बर्फाच्या ढिगात कुशीवर टेकून थांबली. सुनेत्राचं कपाळ काचेवर आपटलं होतं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

काळी गाडी कठडा तोडून पलीकडे गेली होती. पोलाद गारठलं की वाकत नाही, तुटतं. कठड्याची पट्टी काचेसारखी सरळ मोडली होती. खाली चरात नाक वर, शेपूट ढिगात खोल, अशी ती रुतली होती. दिवे चालू होते. इंजिनही चालू होतं.

---

वॅगनने दोन आचके दिले आणि मागे सरकून ढिगातून बाहेर आली. चारही चाकं शाबूत होती.

"चला," कांचन म्हणाली. "काकू, चला ना आता!"

सुनेत्रा हलली नाही. ती चराकडे बघत होती.

"त्याचं इंजिन चालू आहे. सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलंय. धूर बाहेर जाणार नाही. आत येईल."

"मग?"

"त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं. मग झोप लागते."

कांचनने पुढे बघितलं. बर्फ आडवा वाहत होता. "लागू दे," ती म्हणाली.

सुनेत्राने गिअरवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. कुणालाच काही कळलं नसतं. तिने काही केलंही नसतं. नुसती एक गाडी पुढे गेली असती, सकाळपासून गेल्या तशी. तो पुन्हा कधी कुणाच्या दारात आला नसता. हे सगळं तिने नीट, स्वच्छ विचारलं स्वतःला.

"मला नाही जाता येत," ती शेवटी म्हणाली.

"का? तुमचा कोण लागतो तो?"

"कुणी नाही. पण मला माहीत आहे ना आत काय चाललंय."

तिने फावडं घेतलं आणि उतरली. कंबरभर बर्फातून, मोडक्या कठड्यामधून, पडत-धडपडत ती चरात उतरली. शेपटाकडचा ढीग दगडासारखा दाबला गेला होता. तिने चार-सहा फावडी मारली. कुठेच पत्रा लागेना. मग ती पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या काचेवर मूठ आपटली.

विक्रम जागा होता. डॅशबोर्ड त्याच्या मांड्यांवर बसला होता, ओठ फाटला होता. त्याने काच खाली केली.

"विक्रम, इंजिन बंद कर. आत धूर भरेल."

"काकू," तो म्हणाला. आवाज मंडळात गायचा तसाच मऊ. "कांचनला पाठवा. मी बोलतो तिच्याशी."

"आधी चावी फिरव."

त्याचा हात बाहेर आला आणि तिचा मफलर त्याच्या मुठीत गेला. त्याने ओढलं. सुनेत्राचा चेहरा दाराच्या चौकटीवर आदळला. पुन्हा ओढलं, पुन्हा आदळला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. "तुम्ही... लोकांच्या... घरात... कशाला पडता, काकू?" एकेका शब्दाला एकेक हिसका. फावडं हातातून सुटलं. मफलर आवळत गेला, आणि डोळ्यांपुढचं पांढरं आधी लाल आणि मग काळं व्हायला लागलं.

मग काहीतरी ओल्या फांदीसारखं कडकन मोडलं आणि मफलर सैल झाला.

कांचन फावडं घेऊन उभी होती. विक्रमचा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. तो ओरडला. तिने दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसरा घाव दारावर बसला, चौथा समोरच्या काचेवर, आणि काच जाळीदार होऊन आत कोसळली. ती टपावर मारत होती, बॉनेटवर मारत होती, त्याच्यावर मारत होती, आणि तिच्या तोंडून शब्द नव्हता, नुसता श्वास. विक्रम चांगला हात डोक्यावर धरून आत आत आक्रसत होता. "कांचन, नको... कांचन, ऐक..."

सुनेत्राने मागून तिला कमरेला धरलं. कांचनने कोपर मारलं, ते सुनेत्राच्या फुटलेल्या नाकावर. तरी तिने सोडलं नाही.

"बास! कांचन, बास! मरेल तो!"

"मरू दे!"

"मग तू इथेच राहशील. आयुष्यभर याच खड्ड्यात. ऐकतेस का? इथेच!"

फावडं हवेत होतं. खूप वेळ होतं, निदान सुनेत्राला तसं वाटलं. मग कांचनने ते खाली टाकलं, खिडकीतून आत वाकली, त्याच्या छातीवरून हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं. एवढ्या जवळून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हुंदके देत होता.

ती वर गेली, वॅगनमधलं ब्लँकेट घेऊन आली आणि फुटलेल्या काचेतून त्याच्या अंगावर फेकलं. पांघरलं नाही. फेकलं.

---

डोंगरावरून पिवळा दिवा फिरवत बर्फ काढणारं यंत्र उतरलं. ड्रायव्हर म्हातारा, दाढीत बर्फाचे मणी. त्याने मोडका कठडा पाहिला, दोन रक्ताळलेल्या बायका पाहिल्या, आणि आधी रेडिओ उचलला. रुग्णवाहिका लीहून येईल म्हणाला. मग चराकडे हात करून विचारलं, "खाली आहे तो तुमच्यापैकी कुणी?"

सुनेत्राला तोंड उघडलं की रक्तच येत होतं. तिने कांचनकडे पाहिलं. आपल्यांतली गोष्ट परक्याला न सांगण्याचं जे वळण दोघींच्या हाडात होतं ते तिला या घटकेलाही जाणवलं. घसरली गाडी, अपघात झाला, बस्स.

कांचन पुढे आली. तिचं इंग्रजी हळू होतं आणि जबडा उघडत नव्हता, तरी प्रत्येक शब्द ती जागच्या जागी ठेवत गेली.

"त्याचं नाव डॉक्टर विक्रम बोधनकर. रक्तगट बी पॉझिटिव्ह. पाय अडकलेत, ओढू नका. हात मी मोडला. तो मला मारायचा, आज आम्हाला गाडीने मारत होता. पोलिसांना हे सांगा. मी ऑल्बनीला असेन." आणि सुनेत्राकडे वळून, "काकू, वसुधामावशींचा पत्ता द्या यांना."

म्हाताऱ्याने कागद पुढे केला. सुनेत्राने पत्ता लिहिला; अक्षरांवर रक्ताचे थेंब पडले, ते तिने बाहीने टिपले.

"इथे त्याच्याजवळ थांबायचं असेल कुणाला तर..." तो म्हणाला.

"नाही," कांचन म्हणाली.

त्याने मान हलवली. रुग्णवाहिका येईपर्यंत आपण इथे उभे आहोत, खाली जाताना फक्त डावी बाजू धरा, ती लीकडच्या यंत्राने आत्ताच साफ केली आहे, असं सांगितलं.

सुनेत्राने मफलर नाकाशी दाबून धरला आणि एका हाताने गाडी काढली. मागच्या काचेच्या जागी भोक होतं; त्यातून वारा आत यायचा आणि कांचनचे केस पुढे उडवायचा. टोपी चरातच राहिली होती. घरी हेमचंद्र या वेळी फोनशेजारी बसला असेल, आपण कुणाचा तरी संसार सावरला या समजुतीत. त्याच्याशी काय बोलायचं, आणि बोलायचं की नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.

"दुखतंय खूप?" कांचनने विचारलं.

"हो."

"माझं कोपर लागलं ना. मी मुद्दाम नाही..."

"माहितीये. गप्प बस आता. उतार संपू दे."

 कांचनने हात पुढे केला आणि सुनेत्राच्या बाजूची काच आतून, तळव्याने, स्वच्छ पुसायला लागली.